रायगडावर शूटिंग करायचंय? पाचाडपासून मेघडंबरीपर्यंत नेमकी कुणाकुणाची परवानगी लागते?

जुलै २०१८ मधली गोष्ट. अभिनेता रितेश देशमुख, दिग्दर्शक रवी जाधव आणि लेखक विश्वास पाटील रायगडावर गेले होते. मेघडंबरीत शिवरायांच्या मूर्तीजवळ बसून त्यांनी फोटो काढले आणि ते सोशल मीडियावर आले. पुढच्या काही तासांत काय झालं, ते आठवत असेल. महाराजांच्या मूर्तीकडे पाठ करून बसलातच कसे, असा जाब लोकांनी विचारला. फोटो काढून टाकावे लागले आणि जाहीर माफी मागावी लागली.

लक्षात घ्या, हे शूटिंगही नव्हतं. कॅमेरा, लाइट, क्रेन, यातलं काहीच नव्हतं. होते फक्त फोटो.

मग खरंखुरं शूटिंग करायचं असेल तर? एखाद्या पोराला शिवराज्याभिषेकावर शॉर्टफिल्म करायची आहे, एखाद्या चॅनलला डॉक्युमेंटरी करायची आहे, एखाद्या जोडप्याला पाचाडच्या माळावर प्री-वेडिंग शूट करायचं आहे. यातल्या प्रत्येकाला वाटतं, जायचं, शूट करायचं आणि यायचं. एवढ्यात कुणीतरी शिट्टी वाजवतं आणि विचारतं, "परवानगी आहे का?"

ही परवानगी नेमकी कुणाकडून घ्यायची, किती दिवस आधी घ्यायची आणि कुठल्या गोष्टीला परवानगी मिळतच नाही, तेच समजून घेऊ.

पहिला प्रश्न : जागा कुणाची?

परवानगीच्या बाबतीत बहुतेक जण इथंच चुकतात. "रायगडावर शूटिंग" असं आपण एका दमात म्हणतो, पण महाडहून निघून गडाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत जागेचा मालक चार-पाच वेळा बदलतो.

महाडहून पाचाडला जाणारा रस्ता सरकारी. रस्त्याकडेची भातशेती आणि माळ खासगी, म्हणजे कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचा. गावातली सार्वजनिक जागा ग्रामपंचायतीकडे. डोंगरउतारावरचं जंगल काही ठिकाणी वन विभागाचं. आणि रायगड किल्ला केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या, म्हणजे एएसआयच्या ताब्यात. पाचाडमध्येच जिजाऊंची समाधी आहे आणि त्यांचा वाडाही आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी जिजाऊंनी इथंच देह ठेवला. ही दोन्ही ठिकाणं गडाच्या खाली, गावात आहेत. त्यामुळे गडासाठी घेतलेला कागद इथं आपोआप चालेल, असं धरून चालू नका.

यावर सोपा उपाय म्हणजे ठिकाणावरचा फलक वाचणं. संरक्षित स्मारकाच्या बाहेर ते कुणी आणि कुठल्या कायद्याखाली संरक्षित केलंय, हे लिहिलेलं असतं. १९५८ चा केंद्रीय कायदा लिहिला असेल तर दार एएसआयचं. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लिहिला असेल तर दार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचं.

हा फरक का महत्त्वाचा, ते युनेस्कोच्या यादीवरून कळतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी हे आठ एएसआयकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्य संचालनालयाकडे. म्हणजे एकाच फिल्मसाठी पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून प्रतापगडावर एक दिवस आणि रायगडावर एक दिवस शूट करायचं ठरवलं, तर दोन वेगवेगळ्या सरकारांकडे अर्ज करावे लागतात.

गडावर शूटिंगचे नियम काय सांगतात?

केंद्रीय कायद्याखाली १९५९ चे नियम आहेत. त्यात संरक्षित स्मारकावर चित्रीकरण करण्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. नियमानुसार शूटिंगच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा असतो. लायसन्सची फी असते, अनामत रक्कम असते आणि लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

पूर्वी यासाठी कागद घेऊन खेटे घालावे लागायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये एएसआयनं फोटोग्राफी आणि चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी ऑनलाइन पोर्टल सुरू केलं. रायगड एएसआयच्या मुंबई मंडळात येतो.

लायसन्स मिळालं म्हणजे गडावर काहीही करता येतं, असं मात्र नाही. अटी वाचल्या की लक्षात येतं, प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या नुकसानीतून आलेली आहे.

स्मारकाला किंवा त्याच्या आवाराला धोका पोहोचेल असं काही करायचं नाही. लायसन्समध्ये जो भाग लिहिलाय, तेवढ्याच भागात शूटिंग करायचं. दगडावर पाणी, तेल, ग्रीस असं काहीही लावायचं नाही. (भिंत ओली केली की कॅमेऱ्यात छान गडद दिसते, हे प्रत्येक कॅमेरामनला माहीत असतं. म्हणूनच ही अट.) जनरेटर स्मारकापासून लांब ठेवायचा. आणि गडावर आलेल्या लोकांची वाट अडवायची नाही. म्हणजे "शूटिंग चालू आहे, थांबा" असं म्हणून एखाद्या शिवभक्ताला होळीच्या माळावर अडवण्याचा हक्क लायसन्सनं मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट छताची. स्मारकाचा जो भाग कुठल्याही प्रकारच्या छताखाली येतो, त्याच्या आत चित्रीकरणाला परवानगी मिळत नाही. अपवाद शैक्षणिक किंवा त्या स्मारकाची माहिती देणाऱ्या फिल्मचा. रायगडावर याचा अर्थ काय? बाजारपेठ, होळीचा माळ, नगारखान्यासमोरचा भाग, टकमक टोक हे उघडं आहे. जगदीश्वराच्या मंदिराचा गाभारा छताखाली येतो. त्यामुळे कथेत जगदीश्वराच्या गाभाऱ्यातला प्रसंग लिहिला असेल, तर तो सेटवर करायची तयारी आधीच ठेवलेली बरी.

मोठे ऐतिहासिक सिनेमे आणि मालिका खऱ्या किल्ल्यांपेक्षा सेटवर जास्त का होतात, याचं उत्तर इथंच मिळतं. रायगड जिल्ह्यातच कर्जतजवळ कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'चे भव्य सेट तिथे लागले, 'राजा शिवछत्रपती' मालिका तिथे झाली. तिथे दगड फायबरचा असतो. त्याला खिळा ठोकला तरी इतिहासाचं काही जात नाही.

आणि नियम मोडला तर? संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं, त्याचं रूप बिघडवलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. संरक्षित हद्दीच्या पुढचे १०० मीटर बांधकामाला मनाई असलेलं क्षेत्र असतं आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. त्यामुळे "गडावर नाही, जरा खाली सेट लावू" हा जुगाडही विचारल्याशिवाय करू नये.

मोबाइलवर रील काढायलाही परवानगी लागते का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. पर्यटक म्हणून गडावर गेलात, हातात मोबाइल आहे, आठवण म्हणून व्हिडिओ काढताय, तर त्यासाठी लायसन्स काढायला कुणी सांगत नाही.

पण गोष्ट बदलते ती तीन ठिकाणी. पहिलं, साधनं वाढली की. ट्रायपॉड, लाइट, रिफ्लेक्टर, साउंडचं सामान बाहेर आलं की गडावरचा कर्मचारी तुम्हाला पर्यटक धरत नाही. दुसरं, कलाकार आले की. वेशभूषा केलेले मावळे, संवाद, रीटेक सुरू झाले की ते चित्रीकरण होतं. तिसरं, पैसा आला की. ब्रँडची जाहिरात, प्री-वेडिंगचं पॅकेज, प्रायोजक असलेला व्हिडिओ हे व्यावसायिक काम आहे.

यूट्यूब चॅनलवरून कमाई करणारा व्लॉगर यात कुठे बसतो? नियम लिहिले गेले तेव्हा व्लॉगर हा प्राणीच नव्हता. त्यामुळे इथं अंदाज बांधण्यापेक्षा आधी ईमेल करून लेखी उत्तर घेणं शहाणपणाचं. तो ईमेल फोनमध्ये असला की गडावर वाद होत नाही.

ड्रोनचं काय?

टकमक टोकावरून ड्रोन सोडायचा आणि खालच्या छत्री निजामपूरपर्यंतची दरी एका शॉटमध्ये घ्यायची, हे जवळजवळ प्रत्येकाचं स्वप्न असतं.

देशात ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. त्यानुसार डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावर नकाशा आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला हवाई परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. ड्रोनची नोंदणी करून त्याला ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, मोठ्या ड्रोननं व्यावसायिक काम करायचं तर लागतं.

आता गंमत अशी की नकाशावर भाग हिरवा दिसतोय म्हणून गडावर ड्रोन उडवता येतो, असं नाही. आकाश मोकळं असलं तरी जमीन एएसआयची आहे. ड्रोनचा उल्लेख शूटिंगच्या अर्जात वेगळा करावा लागतो आणि स्थानिक पोलिसांनाही कळवावं लागतं. त्यात रोपवेची तार आणि दरीतून वर येणारा वारा आहेच. परवानगी मिळाली तरी ड्रोन परत हातात येईल, याची हमी कुणी देत नाही.

गावातली परवानगी : सातबारा आणि सहहिस्सेदार

गडाचे नियम निदान लिहिलेले तरी आहेत. खरी कसोटी लागते ती गावात.

समजा, पाचाडच्या आसपास एक माळ आवडला. मागे रायगडाचा कडा, पुढे सोनेरी गवत. समोर भेटलेल्या शेतकऱ्यानं "करा की, काय बिघडतंय" म्हणून सांगितलं. शूटिंगच्या दिवशी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, "माझीपण जमीन आहे, मला कुणी विचारलं?"

कोकणात हे हमखास होतं. कारण सातबाऱ्यावर एकच नाव क्वचित असतं. आजोबांची जमीन, चार मुलगे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, त्यातले निम्मे मुंबईला नाहीतर सुरतेला. म्हणून आधी ऑनलाइन सातबारा काढून नावं बघायची. शक्य तेवढ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यायची. साध्या कागदावर का होईना तारखा, रक्कम, गाड्या कुठे लावणार, पीक किंवा बांध मोडला तर भरपाई किती आणि कचरा कोण उचलणार, हे लिहायचं.

ग्रामपंचायतीला आधी पत्र द्यायचं आणि ना हरकत दाखला घ्यायचा. फी भरली तर पावती घ्यायची. "मी सगळं बघतो, मला द्या" म्हणणाऱ्याच्या हातात रोख रक्कम ठेवली की पावतीही नाही आणि परवानगीही नाही. देवळात किंवा देवराईत शूट करायचं असेल तर देवस्थानच्या मंडळींना, गुरवांना, मानकऱ्यांना विचारायचं. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. अशा ठिकाणी गावाला विश्वासात घेतल्याशिवाय कॅमेरा काढणं म्हणजे २०१८ चा वाद पुन्हा ओढवून घेणं.

गावकऱ्यांच्या बाजूनंही हे बघायला हवं. युनिट येतं, रस्ता अडवतं, जेवण मुंबईहून आणतं आणि प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जातं. गावाच्या वाट्याला येते फक्त धूळ. तेच पाचाडमधल्या घरगुती खानावळीत पिठलं-भाकरी सांगितली, सामान वाहायला गावातली पोरं घेतली, राहायला गावातल्याच खोल्या घेतल्या, तर पुढच्या वेळी परवानगी मागायला गेल्यावर आधी चहा येतो.

गावाचा विरोध किंवा लोकांचा रोष किती महागात पडू शकतो, याचं उदाहरण पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचं आहे. मार्च २०१७ मध्ये तिथे लागलेला 'पद्मावती' सिनेमाचा सेट अज्ञात लोकांनी रात्री जाळला. त्या वादाचं कारण वेगळं होतं आणि हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही. पण उघड्या पठारावरचा सेट किती असुरक्षित असतो, हे त्या रात्री दिसलं.

एक खिडकी योजना आहे ना?

आहे. गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार बघणारं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ ही योजना चालवतं. राज्य सरकारच्या ताब्यातल्या जागांसाठी वेगवेगळ्या विभागांच्या दारात फिरण्याऐवजी एका पोर्टलवर अर्ज करायचा, अशी ही व्यवस्था. परदेशी युनिट असेल तर केंद्राची परवानगी लागते आणि ते काम इंडिया सिने हब या केंद्रीय पोर्टलवरून होतं.

पण एक खिडकी म्हणजे सगळ्या घराच्या चाव्या नव्हेत. खासगी जमिनीच्या मालकाची संमती या खिडकीतून मिळत नाही. एएसआयच्या स्मारकाचं लायसन्स केंद्राच्या नियमानंच मिळतं.

शिवकालीन फिल्म असेल तर आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात. सिनेमात घोडे वापरायचे असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. आणि बाल शिवाजी किंवा बाल संभाजीची भूमिका करणारं मूल असेल, तर जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही.

आणि समुद्रकिनारी?

रायगड जिल्ह्याला डोंगर आहे तसा समुद्रही आहे. महाडचं शूट आटोपून युनिट श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा मुरूडला जातं, तिथे नियम पुन्हा बदलतात.

मुरूड-जंजिरा एएसआयकडे आहे, म्हणजे गडाचेच नियम. जेट्टी आणि बोटींचा विषय महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. किनाऱ्यावर पोलीस आणि जिल्हा प्रशासनाला कळवणं आवश्यक, कारण हा सागरी सुरक्षेचा पट्टा आहे. शिवाय किनाऱ्याला सीआरझेडचे नियम लागतात. तिथे सेट तात्पुरता असेल तर तो खरोखर तात्पुरताच असावा लागतो. मुंबईत मढ-मार्वे भागात तात्पुरत्या परवानगीवर उभे राहिलेले स्टुडिओ पक्के झाले. प्रकरण हरित लवादात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांवर हातोडा पडला.

परवानगी नाकारली जाते तेव्हा

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ शूट करताना मुंबईची एक तरुणी खोल दरीत पडली. बचाव पथकांनी तिला बाहेर काढलं, पण तिचा जीव वाचला नाही. त्याच महिन्यात रायगडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला. पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले, पर्यटक अडकले. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला.

म्हणून पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि धोकादायक ठिकाणी जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि मोडले तर गुन्हा दाखल होऊ शकतो. असा आदेश असताना दुसऱ्या कुठल्याही खात्याची परवानगी हातात असली तरी उपयोग नाही.

मग वेळापत्रक कसं आखायचं?

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गड हिरवा असतो आणि आकाश स्वच्छ. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस शूट करायचं तर तीन महिन्यांच्या हिशेबानं जुलैमध्ये अर्ज गेलेला हवा. बहुतेक जण ऑक्टोबरमध्ये जागे होतात आणि मग "परवानगीच देत नाहीत" म्हणून तक्रार करतात.

काही तारखा टाळा. ६ जून आणि तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हे राज्याभिषेकाचे दिवस, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी. या दिवशी गड लोकांचा असतो. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणदिनी महाडमध्ये राज्यभरातून लोक येतात, तेव्हा गाड्यांचा ताफा महाडमधून नेण्याचा विचारही नको.

अर्जात या गोष्टी नेमक्या लिहा : गडावरची ठिकाणं नावानिशी, तारखा, माणसांची संख्या, साधनांची यादी, ड्रोन आहे की नाही, कथेचा सारांश आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर. "रायगड परिसर, चार दिवस" असा मोघम अर्ज केला की उत्तर म्हणून फक्त प्रश्न येतात. आणि मिळालेल्या प्रत्येक कागदाची छापील प्रत सोबत ठेवा. गडावर रेंज जाते, तेव्हा फोनमधली पीडीएफ उघडत नाही.

हे सगळं लहान निर्मात्याला जड जातं, हेही खरं. मोठ्या बॅनरकडे परवानग्यांसाठी वेगळा माणूस असतो. महाडच्या कॉलेजातल्या पोराकडे नसतो. त्याच्यासाठी एक मार्ग आहे. कथेतला गडाचा भाग दोन-तीन शॉटपुरता ठेवायचा, त्यासाठीच अर्ज करायचा आणि बाकीचं शूटिंग गावात, ओळखीच्या माणसाच्या वाड्यात, त्याच्या संमतीनं उरकायचं. मागे रायगडाचा कडा पाचाडच्या अंगणातूनही दिसतोच.